मुलांवरचे अत्याचार कळवणं कायद्याने अजून कुणाकुणाला बंधनकारक करावं? ट्यूशनवाले, व्हॅनवाले, वॉचमन?

हो, तिघांनाही करा. मी कोपरखैरण्याला घरीच ट्यूशन घेते, पहिली ते पाचवी, 17 वर्षं झाली, म्हणून लिहितेय.

लैंगिक अत्याचाराचं म्हणाल तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 मध्ये आधीच सगळे आलेत, लपवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, संस्थेचा प्रमुख असला तर वर्षापर्यंत. बदलापूरच्या प्रकरणात 2024 ला शाळेच्या व्यवस्थापनावर गुन्हा झाला तो यावरूनच. घोडं अडतं ते मारहाण आणि उपासमारीपाशी. बाल न्याय कायद्याच्या कलम 75 खाली तो गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण माझ्यासारखीने तो कळवलाच पाहिजे असं त्यात नाही.

माझ्याकडे दुसरीतला एक मुलगा यायचा. भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट. एकदा शार्पनरसाठी त्याचा कंपास उघडला तर आत अर्धी पोळी, चौकोनी घडी घातलेली, कडेला पेन्सिलीचा भुगा चिकटलेला, आदल्या दिवशी मीच दिलेली. "रात्रीला ठेवलेली टीचर, विसरलो," म्हणाला आणि झाकण लावायला हात पुढे केला तशी बाही वर सरकली, मनगटाच्या वर वायरचे वळ, काही पिवळे पडलेले, दोन ताजे.

घरी सांगितलं तर थोरले दीर म्हणाले, "पॉक्सोत बसत नाही ना? मग तुला कायद्याने कुणी बांधलंय? लोकांच्या घरात कशाला पडतेस?" आणि मी 11 दिवस गप्प बसले. बाराव्या दिवशी 1098 लावला, मुलांची हेल्पलाइन. तिथले लोक आले, प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं, पोरगा आता आजीकडे असतो. भाऊजी अजून म्हणतात तू त्यांचं घर मोडलंस.

कायद्यात माझं नाव असतं तर मी त्याच रात्री म्हटलं असतं, मला कळवावंच लागतं, आणि विषय संपला असता. व्हॅनवाल्या काकांचं, वॉचमनचं तेच, ज्याच्या घरातलं कळवायचं तोच त्यांचा पगार देतो, सक्ती असली तर निदान सांगायला कारण मिळतं.

हां, एक राहिलं, गरिबीला दुर्लक्ष म्हणू नका. थोरल्या मुलीकडे बाळ ठेवून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला यात ओढलं तर मीच विरोध करीन. आणि चांगल्या मनाने कळवणाऱ्याला पॉक्सोत जसं संरक्षण आहे तसं इथेही पाहिजे, नाहीतर वॉचमनची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली समजा.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल. मी फोन लावायच्या 12 दिवस आधीच ती पोळी त्या कंपासात होती.