चार सीटचं विमान, चार माणसं आणि त्यांच्या बॅगा

प्रश्न: नमस्कार सर, माझं प्रायव्हेट पायलट लायसन्स होऊन दोन वर्षं झाली, एकूण 140 तास झालेत, जवळजवळ सगळे सेसना 172 वर (चार सीटचं, एका इंजिनाचं छोटं विमान). कामासाठी आठवड्यातून दोनदा साधारण 300 किलोमीटर जावं लागतं आणि सुट्टीत बायको आणि दोन मुलांना (वय 13 आणि 10) घेऊन फिरायचंय. मित्र म्हणतात घ्यायचंच तर फास्ट घे, सिरस एसआर22 नाहीतर बोनान्झा. बायको म्हणते दोन इंजिनवालं असेल तरच मुलांना बसवीन. मला वाटतं 172 पुरेल. काय बघून ठरवू?

उत्तर: सगळ्यात आधी घरातला वजनकाटा बाहेर काढा. चौघांनाही बूट-जॅकेट घालून त्यावर उभं करा, मग एकेक भरलेली बॅग ठेवा आणि आकडे कागदावर लिहून काढा, अंदाजे नको. कारण चार सीट आहेत म्हणजे चार माणसं, सामान आणि फुल टाकी एकदम नेता येते असं नसतं, आणि पहिलं विमान घेताना बहुतेक जण इथेच फसतात.

तुमच्या ओळखीच्या 172 चंच घ्या. नव्या 172 एस मॉडेलचं टेकऑफचं कमाल वजन 1157 किलो. रिकामं विमान, आत काय काय बसवलंय त्याप्रमाणे, 760 च्या आसपास भरतं. उरले साधारण 395. टाक्या फुल म्हणजे जवळपास 200 लिटर वापरता येईल असं इंधन, आणि एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला 0.72 किलो धरलं तर 144 किलो नुसतं त्यातच गेले, म्हणजे माणसं आणि सामान मिळून हातात 250 किलो. समजा तुम्ही 80, वहिनी 62, मुलं 48 आणि 34, झाले 224. सामानाला राहिले 26. आज जमतंय, पण मोठा मुलगा दोन वर्षांत 60 ला पोचेल तेव्हा हाच हिशोब कोलमडतो, आणि विमान काही कोणी दोन वर्षांसाठी घेत नाही.

आता दुसरी बाजू. 300 किलोमीटरला फुल टाकी लागतच नाही. 172 साधारण 115 नॉटने जातं, म्हणजे ताशी 213 किलोमीटर, सव्वा ते दीड तासाचा प्रवास, तासाला 35 लिटर धरले तर 50 लिटर. अर्धी टाकी भरली तरी पोचल्यावर तासाभराहून जास्त इंधन शिल्लक राहतं (मी स्वतः एक तासाच्या खाली कधीच जात नाही, नियम कमी सांगत असला तरी) आणि 72 किलो मोकळे होतात. म्हणजे तुमचं बरोबर आहे, 172 चालेल, फक्त प्रत्येक वेळी हिशोब करून, आणि गरम दिवशी उंचावरच्या विमानतळावरून चौघं बसून निघायचं असेल तर फार जपून, कारण हवा विरळ झाली की धावही लांबते आणि चढही मंदावतो.

स्पीडबद्दल मित्रांचं ऐकण्याआधी घड्याळ बघा. एसआर22 170 नॉट धरलं तर तेच अंतर 57 मिनिटांत, म्हणजे 172 पेक्षा अर्धा तास कमी. पण घरातून निघणं, विमानतळ, कव्हर काढणं, टाकीच्या तळातून इंधन काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरून बघणं (एव्हगॅस निळं असतं, पाणी असेल तर तळाला वेगळा थेंब दिसतो), हे सगळं दोन्ही विमानांना तेवढंच लागतं. समोरून 25 नॉटचा वारा असेल तेव्हा मात्र स्लो विमान जास्त मार खातं, 172 ला पावणेदोन तासांच्या वर लागतात.

दोन इंजिनांबद्दल वहिनींना समजावून सांगा. टेकऑफच्या वेळी एक इंजिन बंद पडलं की विमान त्या बंद बाजूला जोरात वळतं आणि पायलटला काही सेकंदांत बरोबर हालचाल करावी लागते, ती सतत सराव असलेल्यालाच जमते. 140 तासांवर तुमच्यासाठी ती सेफ्टी नाही, जबाबदारी आहे, आणि मेंटेनन्स जवळपास दुप्पट. त्यांची काळजी मात्र शंभर टक्के खरी आहे, तिचं उत्तर मी दुसरीकडे शोधीन. एसआर22 मध्ये अख्ख्या विमानाला पॅराशूट असतं, छतातलं लाल हँडल ओढायला वहिनींनाही शिकवता येतं. ते दर दहा वर्षांनी बदलावं लागतं आणि त्याला पुरेशी उंची लागते, हे विसरू नका. विमान कुठलंही घ्या, शेजारी बसणाऱ्याला रेडिओ आणि लँडिंग शिकवणारे काही तासांचे धडे इन्स्ट्रक्टरकडून त्यांना नक्की द्या.

पण मला खरी काळजी तुमच्या कामाच्या फेऱ्यांची वाटते. फिरायला जायचं उद्यावर ढकलता येतं, सोमवारची मीटिंग ढकलवत नाही, आणि त्याच दबावाखाली माणूस ढगात शिरतो. 16 जुलै 1999 ला जॉन केनेडी ज्युनिअर (अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा) स्वतः विमान उडवत पत्नी आणि मेव्हणीला घेऊन निघाले, पायपर साराटोगा, चांगलं ताकदीचं विमान, पण रात्र, धूसर हवा, खाली समुद्र, क्षितिज दिसेना, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना नुसती उपकरणं बघून उडवायचा परवाना, नव्हतं. तिघंही गेले. विमानात बिघाड सापडला नाही. म्हणून पैसे बाजूला काढताना आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे काढा, आणि तरीही ऑफिसला आजच सांगून ठेवा की हवा खराब असेल त्या दिवशी मी गाडीने येईन किंवा येणारच नाही.

माझी निवड विचाराल तर सेसना 182. 230 हॉर्सपॉवर, 140-145 नॉट, चाकं फिक्स म्हणजे ती खाली घ्यायची विसरायची भीती नाही आणि इन्शुरन्सही सोपा, अर्धी टाकी भरून चौघं आणि सामान आरामात, शिवाय 172 वरून यायला फार शिकावं लागत नाही. बोनान्झा सुंदर आहे, पण तिची चाकं आत-बाहेर घ्यावी लागतात, म्हणून अजून दोनशे तास झाल्यावर. आणि घेण्याआधी एकदा वहिनींना आणि मुलांना भर दुपारी, हवा हलत असताना, हेडसेट घालून तासभर फिरवून आणा.

प्रश्न: तीस वर्षं जुनं पण फक्त 900 तास उडालेलं विमान मिळतंय, घ्यावं का?

उत्तर: तासांवर भाळू नका, शेवटच्या पाच वर्षांत दरवर्षी किती उडालं ते लॉगबुकात बघा. अशा छोट्या विमानांत बऱ्याचदा असणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, विमान महिनोन्महिने उभं राहिलं की तेल निथळून जातं आणि त्याला गंज धरतो. म्हणूनच ओव्हरहॉलसाठी (इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवायला) 2000 तासांबरोबर 12 वर्षांचीही मर्यादा सांगितलेली असते. विकणाऱ्याच्या नाही, तुमच्या मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि त्याने एक सिलिंडर काढून आत बघायचं म्हटलं तर विकणारा काय म्हणतो ते लक्ष देऊन ऐका. नको म्हणाला तर दुसरं विमान बघा.