आईला कधी सांगायचं?

"ताई, माझा धाकटा भाऊ फादर आहे, वय चौतीस. तीन महिन्यांपूर्वी त्याला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. परळला केमो चालू आहे. आईला सांगायचं नाही अशी त्यानं मला शपथ घातलीय. केमोनंतर चार दिवसांत तो पुन्हा चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला, उभा राहतो. तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, घे म्हटलं तर म्हणतो, 'आईला वाटेल मी चाललो.' आई दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते, येताना मला विचारते, 'फादर बारीक का झालाय गं?' मी काय सांगू?" – थोरली बहीण, मनोरी

बाय माझी, माहीमला १९४८पासून दर बुधवारी माणसं आपापलं दुखणं घेऊन येतात. तुझी आईही जाते, पण तिच्याच घरातलं दुखणं तिला ठाऊक नाही. तुम्हा दोघांना वाटतं, आपण तिला सांभाळतोय. मला वाटतं, मुलासाठी मागणं मागायचा तिचा हक्कच तुम्ही काढून घेतलाय. माझ्या नवऱ्याच्या आजारात आम्हीही सासूबाईंपासून असंच लपवलं. त्यांना ते शेजारणीकडून कळलं. त्या रडल्या नाहीत, पण पुढे कितीतरी दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

सांगायचं मात्र त्यानंच, तू नाही. त्याला एवढंच म्हण, "पुढच्या केमोच्या आत सांग. त्यानंतर आईनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." शपथेचं ओझं तू एकटीनं वाहू नकोस.

तैलाभ्यंगाबद्दल तुझ्या भावाला मी काय शिकवणार! पोप पॉल सहावे यांनी १९७२मध्ये या संस्काराचा विधी नव्यानं घालून दिला. गंभीर आजार झालेल्या कुणालाही तो घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही. त्यानं स्वतः कितीतरी खाटांपाशी हे समजावलं असेल. तरी गावात फादर तेल घेऊन घरात शिरले की शेजारी दारात जमतात, तेल म्हणजे माणूस चालला ही भीती अजून गेलेली नाही. पण मला वाटतं, त्याची खरी अडचण आई नाही. फादरला स्वतःच स्वतःला तेल लावता येत नाही. दुसऱ्या फादरपुढे कपाळ आणि हात धरावे लागतात, आणि इतकी वर्षं देत आलेल्या माणसाला घेणं अवघड जातं. गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांनी त्याच्या तळहातांना तेल लावलं, तेव्हा आई पुढच्या बाकावर होती ना? या वेळीही तिला जवळ बसू दे.

मिस्सेचं काय ते डॉक्टरांना नीट विचारा. बऱ्याच केमोंमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत कोंदट जागेत लोकांच्या पापांची कबुली ऐकणं, शेकडो माणसांना ख्रिस्तप्रसाद वाटणं त्याला झेपणारं नाही. वाटायला दुसरं कुणी उभं राहू शकतं. मिस्सा सोडवतच नसेल तर बसून अर्पण करू दे, आजारी धर्मगुरूला चर्चचा कायदाच तशी मुभा देतो. तो अडून बसला तर त्याच्या पॅरिशच्या, म्हणजे तो असतो त्या चर्चच्या, मोठ्या फादरांना भेट. चुगली होईल म्हणून कचरू नकोस.

आणि ताप. पारा १००.४ फॅरनहाइटवर गेला की गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही, तेव्हाच हॉस्पिटलला फोन. पॅरिशच्या घरात तो खोलीत एकटा झोपतो, तेव्हा सोबतच्या फादरांना आणि स्वयंपाकीणबाईंना हे तोंडपाठ हवं. विश्रांतीला मनोरीला आणलंस तर रात्री मार्वेच्या फेरीबोटीच्या भरवशावर राहू नकोस. गोराई-उत्तनवरून भाईंदरला नेणारा रिक्षावाला आधीच बोलून ठेव.

आईला सांगायला रविवार नको, मिस्सेचं निमित्त करून तो निसटेल. त्याच्या सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलाव. बोंबील कर, त्याला आवडत असतील तर. जेवणं झाली की तू भांडी घेऊन मोरीवर जा, आणि त्या दोघांना बसू दे.