व्हर्च्युअल मशीनला (व्हीएम) पासथ्रू केलेल्या, म्हणजे थेट वापरायला दिलेल्या, पीसीआय एक्सप्रेस कार्डात हार्डवेअर एरर आली की व्हीएम का थांबते?

व्हीएम हँग झालेली नसते, तिला चालवणारा प्रोग्राम, क्यूईएमयू, तिला मुद्दाम थांबवतो. लिनक्स केव्हीएमवर (कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) कार्ड व्हीएफआयओने (हार्डवेअर थेट व्हीएमला देणारी कर्नलची यंत्रणा) दिलेलं असेल, तर एरर आधी होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, कर्नलकडे जाते. दुरुस्त होणारी एरर हार्डवेअर स्वतःच निस्तरतं, होस्टच्या लॉगमध्ये फक्त नोंद होते. दुरुस्त न होणारी असली की व्हीएफआयओ ड्रायव्हर क्यूईएमयूला कळवतो आणि व्हीएम 'इंटर्नल एरर' अवस्थेत जाते. गेस्टला, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टीमला, या एररचा पत्ताच नसतो. तो तसाच चालू राहिला तर खराब डेटा डिस्कवर लिहून बसेल, आणि ते थांबण्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणूनच नुसतं 'कंटिन्यू' दिलं तरी व्हीएम पुढे सरकत नाही, रीसेट मागते. पण घाईने रीसेट करू नका. क्यूईएमयूचा स्वतःचा एरर मेसेजही हेच सांगतो: मिळेल तो डेटा गोळा करा, मग गेस्ट बंद करा. होस्टचा लॉग जपून ठेवा, शक्य असेल तर गेस्टच्या मेमरीचा डंप घ्या, नंतर कार्ड आणि स्लॉट तपासा. मात्र होस्टवर एईआर (पीसीआय एक्सप्रेसच्या एरर कळवण्याची सोय) बंद केलेलं असेल तर एररची सूचना क्यूईएमयूपर्यंत पोचतच नाही आणि व्हीएम बिघडलेल्या कार्डासह चालू राहू शकते.