‘स्पायडरमॅन ३’ खरंच एवढा वाईट होता का? मग आता लोक त्याचं कौतुक का करतायत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बारावीत आहे. ‘नो वे होम’ पाहिल्यावर टोबी मॅग्वायरचे जुने तिन्ही स्पायडरमॅन पाहिले. तिसरा मला मस्त वाटला. माझा आतेभाऊ म्हणतो तो फ्लॉप होता, थिएटरात लोकांनी शिव्या घातल्या होत्या. खरं काय?"

बारावीत आहेस म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

फ्लॉपचं आधी मिटवून टाकू. तिन्हींत सगळ्यात जास्त धंदा याच भागाने केला. जगभरात ८९ कोटी डॉलरच्या आसपास. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १५ कोटींच्या वर, आणि तेव्हा तो विक्रम होता. खर्चही २५ कोटींहून जास्त झाला होता, ते सोड. तेव्हा फ्लॉप म्हणणं चूक. पण शिव्यांचं म्हणशील, तर तुझा आतेभाऊ खोटं बोलत नाही. घालणाऱ्यांत मीही होतो.

मे २००७. दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता, आम्ही चौघं सांगलीत उंडारत होतो. हिंदी डब, स्टॉलचं तिकीट, डोक्यावर पंखा, आणि तो फिरतोय का ते वर मान करून बघावं लागायचं. (त्या वर्षी हा सिनेमा भोजपुरीतसुद्धा डब झाला होता. त्यावरून आम्ही पुढे वर्षभर एकमेकांना हसवलं.) आमच्यातला एकजण व्हेनमचा, म्हणजे स्पायडरमॅनच्या कॉमिक्समधल्या काळ्या राक्षसी व्हिलनचा, भक्त. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर काळ्या जेलपेनने व्हेनम काढलेला: लोंबती जीभ, सुईसारखे दात. गणिताच्या वहीत तर प्रमेयं कमी आणि व्हेनम जास्त. पहिले दोन भाग त्याने केवळ तिसऱ्यात व्हेनम येईल या आशेवर पाहिले होते.

इंटरव्हल झाला. व्हेनमचा पत्ता नाही. वडापाव खाताना तो गप्प होता. इंटरव्हलनंतर पीटर पार्कर डोळ्यावर केस ओढून रस्त्यात नाचायला लागला, येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना बोटांनी इशारे करायला लागला, तेव्हा पुढच्या रांगांतून शिट्ट्या आणि हशा सुरू झाला. हा म्हणाला, "आता हा गाणंपण म्हणणार बहुतेक." आणि लगेच जॅझ क्लबमध्ये पियानो. शेवटच्या अर्ध्या तासात एकदाचा व्हेनम आला, तर त्याचा चेहरा सारखा उघडून आतून एडी ब्रॉक झालेला नट टोफर ग्रेस डोकावतोय. व्हेनमच्या आतला माणूस म्हणजे हा एडी, कॉमिक्समध्ये आडदांड पैलवान गडी, इथे किडकिडीत पोरगा. शिवाय मूळचा व्हेनम राजेमहाराजांसारखा स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, तेही इथे नाही. आणि बघता बघता मेलासुद्धा. बाहेर पडल्यावर सायकलचं कुलूप काढताना त्याने जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

तर चाहत्यांचा पहिला मोठा गट हा. व्हेनमसाठी आलेले. त्यांचा पोपट झाला होता, आणि त्यांचा राग रास्त होता.

हे असं का झालं, याचं उत्तर पडद्यामागे आहे. दिग्दर्शक सॅम रायमी १९५९ चा जन्म. त्याचा स्पायडरमॅन साठच्या दशकातला: गरीब, चष्मिस, भाड्याची चिंता असलेला पोरगा आणि त्याच्यासमोर परिस्थितीने वाया गेलेली माणसं. वाळूचं अंग असलेला व्हिलन सँडमॅन त्या काळातला. व्हेनम थेट १९८८ चा. रायमीला त्याच्यात माणूस दिसत नव्हता, त्याला तो नकोच होता. त्याच्या मनात सँडमॅनच्या जोडीला व्हल्चर नावाचा दुसरा जुना व्हिलन होता आणि त्यासाठी अभिनेता बेन किंग्जलीशी बोलणीही झाली होती. पण निर्माता अव्ही अराद म्हणाला की, बाबा, आजच्या पोरांना व्हेनम हवाय, तू तुझ्याच आवडीचं किती दिवस करणार? माझ्या मित्राच्या वह्या पाहिल्या असत्या तर अरादला हायसं वाटलं असतं. रायमी तयार झाला. पुढे २०१४ मध्ये त्याने उघड कबूल केलं की सिनेमा जमला नाही, सगळ्या पात्रांवर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता, आणि मनापासून प्रेम करणाऱ्या चाहत्यांपासून ते लपत नाही. अरादनेही नंतर दोष स्वतःकडे घेतला.

हे वाचल्यावर सिनेमा पुन्हा बघ. जिथे रायमीचा जीव आहे आणि जिथे नाही, त्याची शिवण स्पष्ट दिसते. सँडमॅन, पीटरचा मित्र हॅरी याने माथा आपटून स्मृती घालवणं, पीटरला चिकटणारा आणि पुढे एडीला व्हेनम करणारा परग्रहावरचा काळा सूट, पीटरच्या वर्गातली ग्वेन स्टेसी, एडी, पीटरची प्रेयसी मेरी जेन हिची गेलेली नोकरी, लग्नाची अंगठी. एक ना धड, भाराभर चिंध्या. यातल्या तीन-चार गोष्टींत एक अख्खा सिनेमा झाला असता.

दुसरा गट कॉमिक्स आणि पहिला भाग तोंडपाठ असलेल्यांचा. त्यांचं दुखणं वेगळं होतं: अंकल बेनचा खून. २००२ च्या पहिल्या भागात पीटर एका चोराला जाऊ देतो आणि तोच चोर पुढे काकांना मारतो. स्पायडरमॅनची सगळी इमारत या एका अपराधावर उभी. तिसऱ्या भागात पोलीस येऊन सांगतात की खरा खुनी फ्लिंट मार्को, म्हणजे सँडमॅन. म्हणजे पीटर इतकी वर्षं उगाच जळत होता? हा आक्षेप तेव्हा मलाही पटला होता. आता तितकासा पटत नाही. शेवटी मार्को काय सांगतो ते नीट ऐक. तो म्हाताऱ्याला इजा करणार नव्हता. त्याचा साथीदार पळत आला, धक्का लागला आणि गोळी सुटली. आणि तो साथीदार कोण? पीटरने जाऊ दिलेला तोच चोर. म्हणजे अपराध पुसला गेलेला नाही, त्याचे वाटेकरी झाले. म्हणून पीटर जेव्हा मार्कोला माफ करतो, तेव्हा तो स्वतःलाही थोडं सोडवत असतो. सुपरहिरोच्या सिनेमात शेवटच्या हाणामारीनंतर नायक व्हिलनला माफ करतो आणि व्हिलन वाऱ्यावर वाळू होऊन निघून जातो, हे तेव्हा सोळाव्या वर्षी मला पुळचट वाटलं होतं.

आता नाचाबद्दल, कारण तुझं सगळं मीम-विश्व तिथून सुरू होतं. काळ्या सूटच्या तोऱ्यातल्या टोबीचे ‘बुली मॅग्वायर’ म्हणून तुम्ही पोरं जे मीम फिरवता ते आमच्यासाठी शरमेचं प्रकरण होतं. काळा सूट म्हणजे आम्हाला वाटलेलं, आता पीटर खतरनाक होणार, लोक थरथर कापणार. कारण १९९४ साली सुरू झालेल्या कार्टून मालिकेत तसं दाखवलं होतं. गंमत अशी की, कॉमिक्समध्ये १९८४ ला तो सूट आला तेव्हा तो पीटरला असा दुष्ट बनवत नव्हता. पीटर झोपला की सूट त्याचं शरीर घेऊन रात्रभर भटकायचा आणि हा सकाळी दमलेला उठायचा, एवढंच. म्हणजे ‘कॉमिक्सशी प्रामाणिक नाही’ म्हणून ओरडणारे आमच्यासारखे बरेचजण खरं तर कार्टूनची बाजू लढवत होते.

रायमीने वेगळाच प्रश्न घेतला: आयुष्यभर मागच्या बाकावर बसलेल्या, मुलींशी बोलताना त-त-प-प होणाऱ्या मुलाला अचानक गुर्मी आली तर तो काय करेल? तो खतरनाक होणार नाही, तो चावट होईल. स्वतःला हिरो समजेल. सिनेमा पीटरवर हसतोय. रस्त्यातल्या बायका बघ, तोंड वाकडं करून पुढे जातात. आम्ही दहावीतली पोरं तेव्हा स्वतःच तसेच, जेल लावून केस उभे करून कोपऱ्यावर थांबणारे. आरसा समोर धरला की माणूस आधी चिडतो. शिवाय हाच चावटपणा क्लबमध्ये मेरी जेनला लागलेल्या फटक्यापर्यंत जातो, आणि तिथे आमच्या थिएटरातला हशा एका झटक्यात थांबला होता. मीममध्ये तेवढं कुणी घेत नाही.

आणि तरी, दिग्दर्शकाला विनोद करायचा होता हे मान्य करूनही, तो प्रसंग लांबलाय. तुला मजा येते कारण तू तो तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत आधीच पाहिलेला असतोस. सव्वादोन तासांहून मोठ्या सिनेमात, उकाड्यात, व्हेनमची वाट बघत बसलेल्याला तो किती लांब वाटला असेल, आतेभावाला विचार.

मग माझं मत कधी बदललं? पाचसहा वर्षांनी. सुट्टीत घरी आलो होतो, टीव्हीवर दुपारी तोच हिंदी डब लागला होता. मी मोबाईलवर, आई खाली बसून मेथी निवडत होती. तिला यातलं काही माहीत नाही, स्पायडरमॅन आणि शक्तिमान यांच्यात ती आजही फार फरक करत नाही. सँडमॅनच्या जन्माचा प्रसंग आला. तुला आठवतोय ना? वाळूचा ढीग. त्यातून एक आकार उठायला बघतो, ढासळतो, परत उठतो. समोर मुलीचा फोटो असलेलं लॉकेट पडलंय, ते उचलायला जातो तर हातच विरघळतो. त्या सगळ्यात एक शब्द नाही. नुसती वाळू आणि ख्रिस्तोफर यंगचं संगीत. आईच्या हातातली काडी तशीच राहिली. मग म्हणाली, "ह्याची मुलगी आजारी आहे का रे?"

मी मान वर केली. तो प्रसंग मी थिएटरात बघितला होता, पण लक्षात राहिलं होतं ते एवढंच, की हा व्हेनम नाही. आईला व्हेनम कोण ते ठाऊकच नसल्यामुळे ती पडद्यावर जे होतं ते बघत होती. थॉमस हेडन चर्चने त्या माणसाला असं काही उभं केलंय की पुढे तो चोरी करतो, माणसं उडवतो, तरी आपण त्याच्या विरोधात पुरते जात नाही. सोनीच्या लोकांनी त्या वाळूवर काय मेहनत घेतली असेल ती आजही दिसते. नंतरच्या कित्येक सिनेमांतले कॉम्प्युटरवरचे राक्षस त्याच्यापुढे प्लास्टिकचे वाटतात.

तुझ्या पिढीला हा सिनेमा आवडण्याचं कारणही मला साधारण असंच वाटतं. तुम्ही ‘स्पायडरमॅन २’ नंतर तीन वर्षं वाट बघितली नाहीत. त्यातला व्हिलन डॉक्टर ऑक्टोपस आणि ट्रेनवरची ती मारामारी पाहून डोक्यात चढलेली उंची तुमच्याकडे नव्हती. व्हेनमचा स्वतंत्र सिनेमा तुम्हाला २०१८ मध्ये मिळून गेलेला. रायमीचा चौथा भाग २०१० च्या जानेवारीत रद्द झाला, तेव्हा आम्हाला कळलं की आपण ज्याला शिव्या घातल्या तोच शेवटचा होता. आणि पुढे २०१४ मध्ये अँड्र्यू गारफिल्डच्या दुसऱ्या भागात परत तीच तीन व्हिलनची खिचडी शिजली. तेव्हा आमच्यातले काहीजण दबक्या आवाजात म्हणायला लागले की रायमीची बरी होती. डिसेंबर २०२१ मध्ये ‘नो वे होम’मध्ये टोबी त्या काळ्या चिकट परग्रहवासीयाचा उल्लेख करतो, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या. मीही वाजवली. शेजारी तोच व्हेनमवाला मित्र होता, आता दोन मुलांचा बाप. त्याने वाजवली नाही. त्याचा राग अजून तसाच आहे, आणि मला त्याचं खरं तर कौतुक वाटतं.

एका बाबतीत मात्र तो, मी आणि बहुधा तुझा आतेभाऊ, आम्ही सगळे एक आहोत: हॅरीचा बटलर. मालकाचा मुलगा हॅरी, वडिलांना पीटरनेच मारलं असं समजून, बदला घ्यायचा म्हणून जिवलग मित्राच्या जिवावर उठलाय, अर्धा चेहरा जाळून घेऊन बसलाय, आणि हे गृहस्थ शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत येऊन शांतपणे सांगतात की तुमच्या वडिलांची जखम मीच साफ केली होती, ती त्यांच्याच उडत्या ग्लायडरच्या पात्याची होती. अरे, मग इतके दिवस काय चहा गाळत होतास? लोकांना हे इतकं झेपलं नाही की बटलर म्हणजे हॅरीचा भासच, असा सिद्धांतही काहींनी काढला.

२०१७ मध्ये संकलक बॉब मुरॉव्स्कीने कापलेली वेगळी आवृत्ती बाहेर आली. तीत बटलरचं ते भाषण नाही. हॅरी एकटाच बसतो, जुना फोटो बघतो आणि उठतो. मिळाली तर आतेभावाला शेजारी बसवून ती बघ. व्हेनमचा विषय तेवढा काढू नकोस.