सफर संपत आली असतानाच पाय का साथ सोडतात?

प्रश्न : तीन आठवड्यांच्या सायकल सफरीत मी मोठमोठे चढ विनातक्रार पार केले. मात्र सफर संपायला दोनच दिवस उरले असताना, जेमतेम ६० किलोमीटरच्या बऱ्यापैकी सपाट रस्त्याने माझा पुरता घाम काढला. वारा समोरून होता, पेडल मारवत नव्हते आणि कितीही जोर लावला तरी हृदयाचे ठोके नेहमीइतके वाढत नव्हते. दुपारी रस्त्याच्या कडेला बसलो असताना मला रडू कोसळले. एवढ्या सरावानंतर शरीर कणखर व्हायला हवे ना? की माझी जिद्द कमी पडली?

उत्तर : आपली जिद्द कमी पडलेली नाही, हे आधी निःशंकपणे सांगतो. सरावाने शरीरावर ताण पडतो. कणखरपणा येतो तो त्यानंतरच्या विश्रांतीत, आणि रोज सायकल चालवणाऱ्याला नेमकी तीच पुरेशी मिळत नाही. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे श्रमासाठी राखून ठेवलेली साखर, साठवलेले असते. काही तासांच्या जोरकस श्रमात हा साठा उतरणीला लागतो आणि तो पूर्ववत भरून यायला, पोटभर पिष्टमय आहार घेऊनही, बहुधा पूर्ण दिवस लागतो. रात्री जेवण थोडे कमी पडले, झोप अपुरी झाली, की सकाळी आपण किंचित उधारीवर निघतो. ही उधारी रोज वाढत जाते आणि तिचा तगादा बहुतेकदा शेवटच्या टप्प्यातच लागतो.

ठोक्यांविषयीचे आपले निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. सलग अनेक दिवस श्रम झाले की हृदयाची कमाल गती खाली येते. तीन आठवड्यांच्या शर्यतींत व्यावसायिक सायकलपटूंनाही हा अनुभव येतो. त्यामुळे ठोके कमी दिसतात म्हणून अंगात ताकद शिल्लक आहे, असे समजून अधिक जोर लावणे ही अशा दिवशीची सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. घड्याळावरचा आकडा बाजूला ठेवावा आणि चालवताना पूर्ण वाक्य बोलता येते का, एवढेच पाहावे.

वाऱ्यालाही त्याचा वाटा द्यायला हवा. ताशी २० किलोमीटरने जाताना समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला, तर हवेचा अडथळा सुमारे तिप्पट होतो, कारण तो सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चढाला निदान माथा असतो. वारा दिवसभर ओसरत नाही, म्हणून तो मनाला अधिक खचवतो. अशा वेळी वेग राखण्याचा हट्ट सोडून हलका गिअर घ्यावा, शक्य तितके खाली वाकावे आणि पोहोचायला उशीर होणार हे मान्य करावे.

रडू येण्यामागे थकव्याबरोबर उपाशीपणही असू शकते, कारण रक्तातली साखर उतरली की मनही खचते. म्हणून परत फिरावे की पुढे जावे, हा निर्णय कडेला बसल्याबसल्या घेऊ नये; आधी काहीतरी गोड खावे, पाणी प्यावे, वीसेक मिनिटे थांबावे आणि मग ठरवावे. चालवताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके भूक लागण्याआधीच थोडीथोडी घेत राहावीत. मुक्कामावर पोहोचल्यावर मात्र आंघोळीच्याही आधी खावे, कारण पहिल्या काही तासांत स्नायू साठा अधिक वेगाने भरून घेतात.

पुढची सफर आखताना शेवटच्या आठवड्यात लहान टप्पे आणि एक पूर्ण सुटीचा दिवस ठेवावा. पुष्कळ जण नेमके उलट करतात आणि मागे राहिलेले अंतर शेवटी भरून काढू पाहतात. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर हँडलवरची पकड वारंवार बदलावी. ताप, छातीत दुखणे किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवले, तर त्या दिवशी सायकल पुढे नेऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे, मग शेवटचा मुक्काम कितीही जवळ असो.