मुलाला गाणं शिकवायचं आहे: परीक्षेचा क्लास लावू का? पेटी आत्ताच घेऊ का?

मुलगा ८ वर्षांचा आहे म्हणता. पेटीचं आधी सांगतो: घेऊ नका.

मी नागपूरच्या इतवारीत एका वाड्याच्या माडीवर बाईंकडे गाणं शिकलो, १९८९ ते १९९२. बाईंकडे पेटी होती, पण फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात. पहिलं वर्षभर नुसता तानपुऱ्यावर सा, मग पलटे, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट ओळी, मग भूप राग. सिनेमातलं गाणं कोणी गुणगुणलं तर बाई बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. तेवढं पुरायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं इतवारी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला रस्त्यावर असतं. बाईंचा क्लास मात्र चालू. खाली ढोल-ताशे, बडग्यांचे पुतळे, "घेऊन जा गे मारबत"चा गलका. वर आम्ही पाच पोट्टे माना खिडकीकडे वळवून सा लावतोय, आणि सा कुठल्या कुठे. बाई ओरडल्या नाहीत. मला जवळ ओढलं, माझा कान तानपुऱ्याच्या भोपळ्याला टेकवला, "दुसरा कान दाब" म्हणाल्या आणि तारा छेडत राहिल्या. आधी डोक्यात नुसती घरघर. मग पंचम, जोड, खर्ज या तारांचे आवाज वेगवेगळे झाले. आणि त्यांच्या वर कुठेतरी, बारीक, गांधार, म्हणजे ग.

आता तानपुऱ्याला गांधाराची तार नसते. मी विचारलं, "बाई, ग कोण लावतंय?"

"कोणी नाही. खर्जाच्या पोटातून येतो तो. रोज यायचा, तू आज ऐकलास."

त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. पेटीचा ग त्याहून किंचित चढा असतो, कारण पेटीतली सप्तकाची बारा घरं सारख्या अंतरानं बसवलेली असतात. पोराचा कान पेटीवर तयार झाला की तो चढा ग त्याला खरा वाटायला लागतो. रेडिओवर १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी होती, ती काही उगाच नव्हती.

मी खाली उतरलो तोवर दोन्ही मारबती निघून गेल्या होत्या. दादा भेटला. "काहून बे, मारबत सोडून भोपळा ऐकत बसला का?" हे त्यानं घरी रंगवून सांगितलं, वर पुस्ती जोडली की तीन वर्षं फी भरून याला पाहुण्यांसमोर म्हणायला एक गाणं येत नाही. बाबांनी मला परीक्षेच्या क्लासला घातलं. तिथे पेटीवर बोट ठेवायचं आणि वहीतली बंदिश म्हणायची. प्रवेशिका परीक्षेला पहिल्या वर्गात आलो. पुढच्याच वर्षी आवाज फुटला, तिथल्या सरांनी पट्टी उतरवायच्या ऐवजी "थांब आता" सांगितलं, आणि मी थांबलो ते वीस वर्षं. बाईंनी तानपुरा काळी चारच्या पट्टीवरून खाली आणला असता, एवढंच.

दादा आजही म्हणतो, "तुझ्या बाईंकडून कोण वसंतराव झालं?" अरे, गायक वसंतराव देशपांडे याच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, सप्र्यांचे बाकीचे विद्यार्थी काय फुकट गेले? मी आता रोज सकाळी अर्धा तास यमन राग घोटतो, कोणाला ऐकवत नाही. कुलरची मोटर कोमल निषादाच्या जवळपास घुमते हे घरात मला एकट्याला कळतं. दादाला कुलर नुसता कुलर.

तर, परीक्षा न देणारा क्लास बघा. हां, बाईंच्या पद्धतीत निम्मी पोरं वर्षाच्या आत पळाली हेही खरं, आणि परीक्षा घेणारे सगळेच वाईट शिकवतात असं नाही. परीक्षेमुळे काही मुलं टिकतात. तानपुरा महाग पडतो, मोबाइलवरचा चालेल. त्यात भोपळा नाही, पण सुराला पक्का असतो. क्लास ठरवायच्या आधी गुरुजींना एकच विचारा: मुलाचा आवाज फुटला की काय करता?

आणि मुलाला मोठा भाऊ असेल तर त्याचं मत घेऊ नका.