जीआयएस शिकायचे तर सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरपासून करावी?

तुम्ही विचारले आहे की भूगोलाची पदवी झाली आहे, संगणकावर नकाशांचे, म्हणजे जीआयएसचे, काम करायचे आहे, तर आर्कजीआयएस शिकावे की क्यूजीआयएस आणि क्लास लावावा का. क्यूजीआयएस शिका, ते मोफत आहे आणि पाणलोटाच्या, शेतीच्या, गावपातळीवरच्या कामाला पुरून उरते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरशिक्षणाने मोफत अभ्यासक्रम घेते, तेही करा. परंतु त्याआधी निर्देशांक पद्धत, म्हणजे एखाद्या जागेचे आकडे कशाला धरून मोजले आहेत हे ठरवणारी आणि सगळे जिला सीआरएस म्हणतात ती, नीट समजून घ्या. ती बाजूला ठेवून नुसती बटणे शिकवणारा क्लास फुकट मिळाला तरी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते यवतमाळ जिल्ह्यात बनले.

एका पाणलोट प्रकल्पात आम्ही शेततळी आणि विहिरी जीपीएसने नोंदवत होतो; एक तुकडी दारव्ह्याकडे होती, दुसरी वणीकडे. यूटीएम ही अशीच एक निर्देशांक पद्धत; तिच्यात पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमध्ये मोजतात आणि तेच आकडे प्रत्येक झोनमध्ये पुन्हा येतात. ७८ अंश पूर्व रेखावृत्त याच जिल्ह्यातून जाते आणि तिथे ४३ वा झोन संपून ४४ वा सुरू होतो. वणीच्या तुकडीतील मुलीने वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘४४ क्यू’ (झोनचा क्रमांक आणि अक्षांशाच्या पट्ट्याचे अक्षर) असे लिहून ठेवले होते, कारण यंत्राच्या पडद्यावर आकड्यांच्या आधी तेच दिसत होते. कार्यालयात नोंदी एक्सेलमध्ये चढवताना नेमके तेवढेच गळले. सगळे बिंदू ४३ व्या झोनचे समजून उघडले, तेव्हा वणीची शेततळी पालघर जिल्ह्यात तलासरीच्या आसपास जाऊन पडली, म्हणजे ६ अंश, सव्वासहाशे किलोमीटर पश्चिमेला.

माझ्या वरिष्ठांनी ते सर्व बिंदू एकदम निवडून माऊसने ओढत वणीवर आणले, एक मोठी विहीर उपग्रहचित्रावर बरोबर बसताच ‘जुळले’ म्हटले आणि नकाशा छापायला पाठवला. मी हरकत घेतली, पण चूक कुठे आहे हे मला तेव्हा आकड्यांत सांगता आले नाही. आज सांगते. प्रत्येक झोनची जाळी आपापल्या मध्य रेखावृत्ताला धरून आखलेली असते आणि वणीच्या अक्षांशावर या दोन जाळ्यांत सुमारे २ अंशांचा कोन पडतो. म्हणून ओढून आणलेले बिंदू एका विहिरीवर बसले, तरी तिच्यापासून १० किलोमीटरवरचे तळे साडेतीनशे मीटर बाजूला सरकते.

पडताळणीच्या वेळी एका शेतकऱ्याने छापील नकाशावर बोट ठेवून मला विचारले, “ताई, माह्यं तळं नाल्याच्या अलीकडं हाय, तुमच्या कागदावर ते पलीकडच्या वावरात कसं गेलं?” त्यांचे अनुदान त्या कागदामुळे अडकले होते. त्या रात्री मी वहीवरून आकडे पुन्हा चढवले, नकाशातल्या त्या बिंदूंच्या थराला ईपीएसजी ३२६४४, म्हणजे ४४ व्या झोनचा सीआरएस क्रमांक, नेमून दिला, मग त्याचे रूपांतर केले आणि तळे नाल्याच्या अलीकडे आले. क्यूजीआयएसमधल्या ‘सेट लेयर सीआरएस’ आणि ‘रीप्रोजेक्ट लेयर’ या आज्ञांतला फरक हाच आहे: पहिल्याने हातातले आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत एवढेच सांगितले जाते, दुसऱ्याने आकडे नव्याने काढले जातात. वरिष्ठांचे म्हणणे शेवटपर्यंत हेच राहिले की नकाशा डोळ्यांना जुळला म्हणजे झाले. ते मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही.

हेही सांगायला हवे की हातातल्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक राहतेच, आणि साखळीने मोजलेला जुना गाव नकाशा उपग्रहचित्रावर बांधाला बांध लागून बसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखाची मोजणीच लागते. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट (भूरूप नकाशे) एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहेत; त्या थेट जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस ८४ मापावरच्या समजून उघडू नका. तुमचे सगळे काम पुणे किंवा नाशिकपुरते असेल, तर एकच झोन पुरेल आणि हा प्रश्न कदाचित कधी येणारही नाही. तरी पहिल्या आठवड्यात दारव्हा आणि वणी येथील एकेक बिंदू आपापल्या झोनच्या यूटीएम आकड्यांत घ्या, दोन्ही मुद्दाम ४३ व्या झोनमध्ये टाका आणि वणी कुठे जाते ते स्वतः पाहा.